पाचवं पान

पालकांना वर्ग बघायला बोलावलं होतं, त्याच्या आदल्या दिवशी बालवर्गाच्या बाई स्टुलावर उभ्या राहून भिंत सजवत होत्या. भिंतीवर तपकिरी कागदाचं झाड होतं. मुलं एकोणतीस, म्हणून फांद्या एकोणतीस. पानं म्हणजे घरच्यांचे हात. प्रत्येकाने घरातल्यांचे हात हिरव्या कागदावर गिरवून, कापून आणायचे. जितकी माणसं तितकी पानं.

बाईंना वेडंवाकडं काही खपत नसे. मुलं डबे खायला गेली की त्या कात्री घेऊन बसत आणि कुरतडलेल्या कडा सारख्या करत. एखादं पान अगदीच बिघडलेलं असलं, तर ते टोपलीत टाकून पुठ्ठ्याच्या साच्यावरून नवं कापत. सोळा वर्षं त्यांच्या भिंतीची शाळाभर वाहवा होत होती.

"उद्या पालक म्हणतील, आमची पोरं जन्मतःच शिंपी!" वर्ग झाडणाऱ्या मावशी हसल्या.

"आणि वाकडं लावलं तर म्हणतील, बाईंचं लक्ष कुठं होतं?"

मधली सुटी संपली. मुलं आत आली. वर्गात सगळ्यांत कमी बोलणारी एक मुलगी होती. तिला सगळे चिमणी म्हणत. ती आपल्या फांदीखाली येऊन थांबली ती हलेचना.

"हे पान आमचं नाही."

"तुझंच आहे गं राणी. एक अर्धवट राहिलं होतं ना? नुसतीच चार बोटं. मी पूर्ण केलं."

"अर्धंच होतं."

"अगं, हाताला तळवा नको? अंगठा नको?"

"दाराखालून तेवढाच येतो," चिमणी म्हणाली.

बाई स्टुलावरून उतरल्या. हिच्या प्रवेशाच्या फॉर्मवर घरात माणसं चार होती. आई, वडील, मोठी बहीण आणि ही. फांदीवर पानं पाच होती. बाईंनी मोजलीच नव्हती. कडा तेवढ्या पाहिल्या होत्या.

"कुणाचा हात आहे तो?"

"मधल्या ताईचा. तिला झटके येतात. मागच्या खोलीत असते, बाहेरून कडी. लोकांना कळलं तर मोठ्या ताईचं लग्न जमणार नाही. कुणाला सांगायचं नाही."

"मग पान का आणलंस?"

"तुम्हीच म्हणालात ना, जितकी माणसं तितकी पानं."

"कधीपासून आहे ती तिथं?"

चिमणीला प्रश्नच कळला नाही. "मी झाले तेव्हा होतीच की."

चिमणी सहा वर्षांची होती.

टोपली रिकामी झाली होती. बाई मागच्या अंगणात गेल्या, पदर खोचला आणि कचऱ्याच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातले.

"अंगठी पडली का?" मावशींनी हसत विचारलं.

"चार बोटं," बाई म्हणाल्या. मावशींचं हसू जागीच विरलं.

पान सापडलं. चहाचा डाग पडलेलं, चुरगळलेलं. बाईंनी ते हाताने सपाट केलं आणि साच्यावरचं पान काढून त्या जागी होतं तसंच लावलं.

दुसऱ्या दिवशी चिमणीच्या आईसोबत तिचे वडील इस्त्रीच्या शर्टात आले. चारचौघांशी हसून बोलले. मग फांदीपाशी आले, पानं मोजली आणि आवाज खाली आणला.

"बाई, एक पान जास्तीचं लागलंय. काढून टाका."

"घरात जितकी माणसं, तितकी लावलीत."

"आम्ही चौघंच आहोत. लहान पोरीचं काय मनावर घेता? घरात लग्नाची मुलगी आहे, इथं दहा लोक बघतायत."

त्यांनीच हात पुढे केला. पण तिथे आधीच चिमणीच्या आईचा हात होता. ती कागदाच्या बोटांवर आपली बोटं ठेवून उभी होती. चिमणीने नखंसुद्धा गिरवली होती, लांबच लांब.

"करंगळीचं नख कापायचं राहिलं," आई स्वतःशीच म्हणाली. मग मोठ्याने म्हणाली, "पाच आहेत."

शेजारच्या फांदीजवळचे पालक वळले.

"घरी चल. मग बोलू," वडील दातांतल्या दातांत म्हणाले.

"चला ना. मीच कडी काढते, आत्ता, दिवसाढवळ्या." तिने बाईंकडे पाहिलं. "याल का सोबत? एकटीचा माझा हात धजत नाही हो."

बाईंनी वर्गाची किल्ली मावशींच्या हाती दिली. दारातून त्यांनी एकदा भिंतीकडे पाहिलं. सोळा वर्षांत सोळा भिंती झाल्या होत्या. त्यांनी टोपलीत टाकलेल्या पानांतलं एकही त्यांना आठवेना.

घर चालत नऊ मिनिटांवर होतं. वडील उंबऱ्याबाहेरच राहिले. स्वयंपाकघराच्या पलीकडे अरुंद बोळ होता आणि बोळाच्या टोकाला दार. चिमणी पुढे धावली आणि दाराशी, रोजच्या जागी, मांडी घालून बसली. तिची चाहूल लागताच फटीतून चार बोटं बाहेर आली.

आईने कडीला हात घातला. कडी खडखडली आणि बोटं झटकन आत गेली.

"मी आहे गं," आई म्हणाली.

ती आत गेली. दार उघडंच राहिलं. बाईंनी त्याला स्वतःची पिशवी टेकवून ठेवली होती.