सिक्रीच्या जाळीतली गाठ

“कोई भी एक खोल दो, माई. बीस साल पहले का धागा अब कहाँ मिलेगा?” दर्ग्याचा म्हातारा खादिम समजावून समजावून थकला. पण अकबरी कसली ऐकते! जळगावच्या मेहरूणमधल्या पिंजाऱ्याची बायको ती, उभा जन्म कापसात गेलेला. दुसऱ्याच्या लेकराचा नवस मी कसा सोडू, म्हणाली, आणि संगमरवरी जाळीतल्या लाल-पिवळ्या धाग्यांच्या गर्दीत बोटं घालून शोधत राहिली.

नवस होता तिच्या लेकीचा, रईसाचा. सात वर्षं अकबरीची कूस उजवेना, म्हणून नवरा कादर तिला इथं फत्तेपूर सिक्रीला घेऊन आला होता. त्यानं पिंजलेल्या कापसाचा धागा तिनं स्वतः वळून बांधला आणि वर्षाच्या आत पोरगी झाली. मूल झालं की येऊन धागा सोडायचा, ही रीत. पण सवड कुठली मिळायला! आता पोरीची तीन स्थळं ठरून मोडली, आणि गेल्या पावसाळ्यात कादर डोळे मिटताना एवढंच बोलला, “धागा सोडून ये, अकबरी. पोरगी अडकून पडेल.” म्हणून अठ्ठ्याऐंशीच्या मार्चात मायलेकी भुसावळला गाडीत बसल्या.

बादशहानं हौसेनं वसवलेलं शहर. तटबंदी अजून दांडगी, महाल कालच धुतल्यासारखे लाल, आणि आत राहायला चिटपाखरू नाही. भर दुपारी एका घरातून फोडणीचा वास येऊ नये! येताना अकबरी दर वळणावर थबकत होती. रईसा मात्र कोणाला न विचारता पुढं चालत होती. जन्मात पहिल्यांदा आलेली पोरगी!

“तुला रस्ता कसा ठाऊक गं?”

“काय माहीत. पाय चालून राह्यले.”

आताही तीच मागून म्हणाली, “अम्मा, तिथं नाही. खाली, कोपऱ्यात.”

होता! जाडसर, पांढराफेक. वीस वर्षांत त्यावर धूळसुद्धा बसली नव्हती. अकबरीनं आपल्या हाताचा पीळ ओळखला. तिनं गाठीला नख लावलं.

“हळू, अम्मा. माझ्या पोटात ओढून राह्यलं.”

अकबरीचा हात थांबला. राहू द्यावा का तसाच? पण कादरचा शब्द होता, पोरीचा संसार व्हायचा होता. बिस्मिल्ला म्हणून तिनं ओढलं. गाठ अलगद सुटली.

“खाला, जरा सरको ना. मेरेकू धागा बांधना है.”

अकबरी वळली. परक्या बाईकडं पाहावं तशी रईसा अदबीनं हसत होती.

“रईसा, थट्टा नको करू गं माझी!”

“अय्या, तुम्ही मराठी बोलता? मी बी जळगावची!” पोरगी खुलली. “पण माझं नाव कसं काय ठाऊक तुम्हाला?”

पोरीच्या डोळ्यांत चेष्टा नव्हती आणि ओळखही नव्हती.

“एकटीच आलीस, बेटा?” तिनं कसंबसं विचारलं.

“नाही हो! अम्मा हाये ना. बाहेर चपला सांभाळून राह्यली. मी दिसली नाही की घाबरी होते बिचारी. धागा बांधला की जाते लगेच.”

अकबरीनं हातातला धागा तिला दिला. मग तापलेल्या फरशीवरून ती सावकाश बाहेर आली. चपलांचे दोन जोड पडले होते, त्यांच्याशेजारी मांडी घालून बसली, पदरानं तोंड पुसलं आणि पोरीची वाट पाहू लागली.