घरात वापरलेलं सामान

अप्पांच्या डॉक्टरांनी आम्हाला एकच पथ्य सांगितलं होतं. घरातली खुर्चीसुद्धा हलवू नका. अप्पा म्हणजे माझे वडील. त्यांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटत चालली होती, पण घर त्यांच्या हाताला पाठ होतं. टेबलाची कड धरायची, कपाटाला वळसा घालायचा, की आलं न्हाणीघर. "घर ओळखतायत तोवर घरी राहतील," डॉक्टर म्हणाले. "ती ओळख सुटली, की संस्थेत ठेवायचा विचार करावा लागेल." अप्पा कुठल्याही संस्थेत जाणार नाहीत, असं मी तिथेच ठरवलं. घरात कुणी हलवाहलवी केली तर त्याचे हात मोडीन, असंही घरी येऊन सांगितलं.

मग सरकारने आयकर रद्द केला.

आयकराचा आणि अप्पांच्या खुर्चीचा काय संबंध, असं तेव्हा कुणी विचारलं असतं, तर मी त्यालाच त्या डॉक्टरांकडे नेलं असतं. आम्हाला तर आनंदच झाला होता. आमचे हे सुतार. घराला लागूनच कारखाना आहे, तिथे हे पलंग, कपाटं, टेबलं करतात. पॉलिश आणि गाद्यागिरद्या माझ्याकडे. आता कमाईवर कर नाही, त्याऐवजी दुकानात नवी वस्तू घेतली की किमतीच्या जवळजवळ चौथा हिस्सा कर, एवढंच आम्हाला कळलं होतं. "कमाई सगळी आपली!" म्हणून हे दिवसभर शीळ घालत रंधा मारत होते. मग पहिलं गिऱ्हाईक आलं. त्याने करासकट किंमत ऐकली, पलंगाच्या पाठीवर दोनदा थोपटलं आणि निघून गेलं. दुसरं आलं, तेही गेलं. लोकांच्या हातात पैसा जास्त येत होता आणि पिशवीत सामान कमी येत होतं. फायदा झाला की तोटा, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. जो तो दुसऱ्याला विचारायचा.

अप्पांनीही विचारलं. एकदा चहा पिता पिता म्हणाले, "मी पगारावर कर भरला. उरलेला पैसा साठवला. आता त्यातून दूध आणलं, की परत कर?"

"हो, अप्पा."

"का?"

मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. थोड्या वेळाने त्यांनी तोच प्रश्न परत विचारला, आणि मी विनाकारण त्यांच्यावर ओरडले.

माझ्या धाकट्या भावाला सगळे 'कलम' म्हणतात. जन्मभर त्याने लोकांची आयकराची कामं केली. प्रत्येक वाक्याआधी तो कायद्याचं कलम सांगायचा, त्यावरून ते नाव पडलं. आयकर गेला आणि हा रिकामा झाला. नव्या कायद्याचं जाडजूड पुस्तक काखोटीला मारून तो रोज आमच्याकडे येऊन बसायला लागला. घरचं झालं थोडं, त्यात हे घोडं. पण एके दिवशी तो पुस्तकातून डोकं वर काढून म्हणाला, "ताई, जुन्या वस्तूवर कर नाही!"

"मग? आम्ही काय जुने पलंग करायचे?"

"नवेच करायचे. पण कारखान्यातून गिऱ्हाइकाकडे पाठवायचे नाहीत. आधी घरात आणायचे. आपण वापरायचे. घरात वापरलेलं सामान म्हणजे जुनं. मग विकायचं."

मी डॉक्टरांचं सांगणं काढलं. तो म्हणाला, "अप्पांच्या खुर्चीला हात कोण लावतंय? आपण फक्त भर घालतोय." कारखान्यात कितीतरी दिवसांत करवतीचा आवाज झाला नव्हता, आणि ती शांतता मला सहन होत नव्हती. मी हो म्हटलं. दुसऱ्या कुणी भाग पाडलं असतं तर बरं झालं असतं, पण मीच म्हटलं.

घर भरलं. बैठकीत तीन पलंग, स्वयंपाकघरात दोन कपाटं, व्हरांड्यात एकावर एक टेबलं. कुणी कुठे झोपायचं, कुठल्या खुर्चीत किती बसायचं, हे कलम ठरवायचा. उभ्या जन्मात मी इतकी लोळले नव्हते, आणि लोळताना कामचुकार वाटण्याऐवजी थकवा यायचा. गिऱ्हाइकं आमच्यापेक्षा गोंधळलेली. एक बाई म्हणाल्या, "वापरा हो, पण जरा जपून वापरा." एका गृहस्थांना टेबल जुनं असल्याची खात्रीच पटेना, तेव्हा ह्यांनी त्यांच्यादेखत त्यावर गरम चहाचा कप ठेवून डाग पाडला. गृहस्थ खूश होऊन टेबल घेऊन गेले. मी दोन दिवस घासून आरशासारखं केलेलं पॉलिश होतं ते. हसावं की रडावं कळेना.

अप्पा कपाट धरायला हात पुढे करायचे, तर तिथे पलंग असायचा. पलंगाची सवय होईतो तो विकला जायचा. त्यांची स्वतःची खुर्ची जागेवरच होती, पण तिच्यापर्यंत पोचायची वाट रोज बदलत होती. हळूहळू ते बसण्याआधी विचारायला लागले, "बसलं तर चालेल ना?" मला वाटलं, म्हातारपणी माणूस सभ्य होतो. मग त्यांनी घरात चपला काढायचं सोडलं. फरशी गार लागत असेल, असं मी म्हटलं. मला दिसत होतं. पण सामान खपत होतं, म्हणून मी बघत नव्हते.

एका दुपारी विक्रीकराचे साहेब तपासणीला आले. दारात त्यांना बघून कलम उभाच राहिला. दोघांची जुनी ओळख होती. आयकराच्या कचेरीत वर्षानुवर्षं टेबलाच्या दोन बाजूंना बसून ते भांडले होते. "तुम्ही इकडे?" कलमने विचारलं.

"ते खातंच बंद झालं ना. आता हे दिलंय." साहेबांनी घाम पुसला. कलमने पुस्तक उघडून आपली बाजू मांडली. साहेबांनी ऐकून घेतली आणि ते जास्तच केविलवाणे झाले. "मी प्रशिक्षणात हेच विचारलं होतं, की वापरलेलं म्हणजे किती वापरलेलं? तर म्हणाले, ते पुढच्या प्रशिक्षणात." मग त्यांनी आपल्यापुरता मार्ग काढला. "हे बघा, तुम्ही खरोखर हे सामान घेऊन राहत असाल, तर हे घर. नसाल, तर हे दुकान. दुकान असेल तर आजवर विकलं त्या सगळ्यावर कर आणि वर दंड." तेवढ्यात त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या पलंगावर बसलेल्या अप्पांकडे गेलं. घरातलं वडीलधारं माणूस खोटं बोलणार नाही, असं त्यांना वाटलं असावं.

"आजोबा, रोज ह्याच पलंगावर झोपता ना?"

"छे हो," अप्पा हसून म्हणाले. "हे दुकान आहे. वास बघा ना, पॉलिश अजून ओलं आहे. माल चांगला आहे हं ह्यांचा. माणसंही चांगली आहेत, बसू देतात. माझी मुलगी येईल मला न्यायला."

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होते.

"साहेब, त्यांचं बोलणं धरू नका," कलम घाईघाईने म्हणाला. "त्यांना आता काही कळत नाही. ताई, सांग ना! डॉक्टरांचे कागद आहेत आपल्याकडे."

अप्पांचं हसू गेलं. त्यांनी पाय पलंगाखाली ओढून घेतले, आपण काहीतरी चुकीचं बोललो असं वाटून. सगळे माझ्याकडे बघत होते. डॉक्टरांचे कागद आतल्या खोलीत होते. ते आणून दाखवले असते, तर कारखाना वाचला असता.

"त्यांना कळतंय," मी म्हटलं. माझा आवाज नको तेवढा चढला. "लिहा साहेब. दुकान आहे हे."

हे मटकन एका पलंगावर बसले. कलमने पुस्तक मिटलं. साहेबांनी पेन काढलं खरं, पण ते लिहीनात. "अहो, मग तुम्ही राहता कुठे?" त्यांनी विचारलं. ते चिडले नव्हते, त्यांना खरंच समजत नव्हतं.

तेवढ्यात अप्पांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला.

"आलीस? किती वेळ वाट बघतोय," ते उठत म्हणाले. "चल, घरी जाऊ."

मी त्यांचा हात धरला. पलंगांच्या मधून वाट काढत आम्ही दाराबाहेर आलो. रस्त्यावर आल्यावर अप्पा थांबले.

"डावीकडे ना?"

मी हो म्हटलं, आणि आम्ही डावीकडे चालायला लागलो.