गायीच्या जागी मी

हरीण म्हणालात तरी मी रागावणार नाही, पण मी जेरेनुक. सोमालियातल्या काटेरी माळावरची. मान उंटासारखी, पाय काटक्यांसारखे आणि माणसांनी बघत राहावं अशी एकच करामत: मागच्या दोन पायांवर सरळ उभी राहून मी बाभळीचा उंचावरचा पाला खाते. पाणी मला लागत नाही, पाल्यात असतं तेवढं पुरतं. ऊन तर आमच्या पाचवीलाच पुजलेलं.

सत्याण्णव साली मी जाळ्यात सापडले. लाकडी खोक्यांत कोंबून आम्हाला लाँचवर चढवलं. आम्ही नऊ होतो. दुबईपलीकडच्या रास अल खैमाला दोघंच जिवंत उतरलो, मी आणि एक नर. एका अरबाबच्या, म्हणजे अरब शेठच्या फार्मवर, तारेच्या जाळीआड, मालकाची हौस म्हणून आमची स्थापना झाली.

सांभाळायला हैदराबादचे अलीमियाँ होते. शहाणा माणूस. घाफाच्या, म्हणजे तिथल्या वाळवंटी झाडाच्या फांद्या ते मुद्दाम उंच बांधायचे, म्हणजे आम्हाला उभं राहून खाता येई.

जाळीपलीकडच्या व्हिलात राजनराव राहायला आले. अरबाबच्याच टाइल्सच्या कारखान्यात इंजिनियर. बायको शोभना, मुलगी आभा. शोभनाबाई पुण्याच्या. पहिली पोळी गायीची, हा त्यांचा नेम. आता इथे गाय कुठून आणायची? त्यांची नजर माझ्यावर पडली.

"मम्मी, इट्स नॉट अ काऊ," आभा म्हणाली.

"रवंथ करते ना? मग झालं. गुरुजी फोनवर म्हणाले, भाव महत्त्वाचा."

अलीमियाँनी हात जोडले. "भाभी, रोटी नक्को डालो. इनके पेट कू नै चलता."

"अहो, चतकोर तर देते!"

चतकोर, वर गुळाचा खडा. खोटं कशाला बोलू, मला त्याची चटक लागली. शोभनाबाईंची पावलं वाजली की मी जाळीशी हजर. त्या माझ्या कपाळाला बोटं लावून नमस्कार करायच्या. नवांतून उरलेल्या या जिवाला एवढी माया कुणी लावली नव्हती. त्यांच्या बडबडीतूनच मी ही भाषा शिकले.

मग मला पाडस झालं. काही महिन्यांत तेही मागच्या पायांवर उभं राहू लागलं. धडपडायचं, पुन्हा उठायचं. शोभनाबाई टाळ्या वाजवायच्या.

त्याच वर्षी राजनरावांची आई पुण्यात वारली. रजा मंजूर होईपर्यंत तिकडे सगळं आटोपलं होतं. सर्वपित्रीला शोभनाबाईंनी पहाटेपासून खपून स्वयंपाक केला आणि गायीचं पान घेऊन त्या जाळीशी आल्या. भात, वडे, खीर, सगळं तुपात न्हालेलं. अलीमियाँ गावी गेले होते. अडवणारं कुणी नव्हतं.

मी पहिला घास घेतला, तेवढ्यात पाडस माझ्या पोटाखालून पुढे घुसलं. मी बाजूला सरकले. आई ना मी! म्हटलं, खाऊ दे लेकराला गोडधोड. त्यानं पान चाटूनपुसून साफ केलं.

शोभनाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "अहो, आई जेवल्या. तृप्त झाल्या." राजनराव जाळी धरून हमसून हमसून रडले.

दुसऱ्या दिवशी पाडसाचं पोट तट्ट फुगलं. ते दात खाऊ लागलं. मी चाटत राहिले. ते उभं राहायला गेलं, मागचे पाय फाकले आणि कोसळलं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी ते गेलं. जनावरांच्या डॉक्टरांनी पोट फाडून बघितलं.

"राइस है, राजनसाब. पूरा अंदर सड गया."

संध्याकाळी शोभनाबाई जाळीशी आल्या. राजनराव त्यांना म्हणाले, "ऊन लागलं असेल."

ऊन! आम्हाला!

मला त्यांचा राग येतो आणि कीवही येते. आई जेवल्याचं समाधान त्यांना बायकोकडून काढून घ्यायचं नव्हतं. स्वतःकडूनही नव्हतं.

शोभनाबाई अजून रोज येतात. माझं दुःख हलकं व्हावं म्हणून आता अख्खी पोळी आणतात. मी तोंड फिरवते, तर कळवळतात. "खा गं बाळा, अंगात ताकद येईल." मी खात नाही. पण माझ्या पोटात पुन्हा जीव आहे. उद्या ते पाडस बाहेर येईल, त्यालाही गूळ आवडेल, त्याला कोण अडवणार?

राजनराव, मला शोभनाबाईंशी बोलता येत नाही, तुम्हाला येतं. एकदा सांगून टाका. त्या रडतील, रडू द्या. त्या दिवशी ते पान तुमच्या आईनं नाही खाल्लं, माझ्या पाडसानं खाल्लं.