मशीनला हळद

आमच्या सासूबाई कशाचीही पूजा करतात. खंडेनवमीला पणजोबांची होळकरी रिसाल्यातली तलवार पुसून पाटावर येते. मग मिक्सर, इस्त्री, माझी स्कूटी, सगळ्यांना हळदकुंकू आणि एकेक झेंडू. सुदामा नगरातल्या आमच्या घरची ही दरवर्षीची गंमत, मीही हसायचे. आता झेंडूचा वास आला तरी माझं डोकं फिरतं.

माझ्या नवऱ्याला, विक्रांतला, रक्ताचा कॅन्सर होता. कीमोनं हात टेकले, तेव्हा डॉक्टरांनी एका नव्या उपचाराच्या चाचणीत त्याचं नाव घातलं. त्याच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढायच्या, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं, प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि परत त्याच्या अंगात सोडायच्या. प्रयोगशाळा सांवेर रोडला, आणि पेशी वाढवायच्या कामावर त्याचेच थोरले भाऊ, भूषणभावजी. तेव्हा वाटलं, देव पावला.

नवमीच्या सकाळी सासूबाईंनी भावजींच्या हातात हळदकुंकवाची पुडी आणि एक झेंडू ठेवला.

"आई, तिथे घड्याळ पण अलाऊड नाही," भावजी म्हणाले.

"तलवारीला हळद लागते, मिक्सरला लागते. माझ्या पोराचं रक्त ज्याच्यात ठेवलंय, त्या मशीनला नको? अरे, एक फूलच तर आहे. कोण बघायला बसलंय?"

एम.एस्सी. झालेला माणूस. फुलापानांवरची बुरशी किती चिवट असते, हे मला त्यांनीच समजावलं होतं. तरी पुडी खिशात गेली. भावाचा जीव टांगणीला लागला की शिकलेलाही दगडाला हात जोडतो. गाऊनखाली लपवून त्यांनी ती आत नेली, मशीनच्या दाराला हळदीचं बोट लावलं आणि वर झेंडूच्या चार पाकळ्या ठेवल्या.

आठवडा व्हायच्या आत पेशींच्या पिशवीतलं पाणी गढूळ झालं, मग त्यात बुरशीचे कापसासारखे पुंजके तरंगायला लागले. सगळं फेकून द्यावं लागलं. पुन्हा काढाव्यात अशा धडक्या पेशी विक्रांतच्या रक्तात उरल्याच नव्हत्या.

भावजींनी साहेबांपुढे कबूल केलं आणि नोकरी सोडली. मग दवाखान्यात येऊन आम्हालाही सांगितलं. मी तोंडाला येईल ते बोलले.

"भिया, आईला नको सांगू," विक्रांत भावजींना म्हणाला. "मशीन खराब झाली, बस. श्रेया, तू पण नाही. माझी शपथ आहे."

दिवाळी सरली आणि तो गेला.

तेराव्याला पाहुणे पांगल्यावर सासूबाई भिंतीवरच्या तलवारीकडे बघत बसल्या होत्या. भावजी पंगतीची पानं उचलत होते.

"मशीन उगाच बिघडत नाही," सासूबाई मला म्हणाल्या. "भूषणनं पूजा घाईत उरकली असणार. हळद नीट लागली नसेल."

भावजींचे हात थांबले. माझ्या तोंडात सगळं आलं होतं. एक वाक्य बोलले असते, तर त्या बाईला उरलेल्या जन्मात झोप लागली नसती, आणि खरं सांगते, मला तेच हवं होतं.

"लागली होती, आई," मी म्हणाले. "अगदी नीट लागली होती."

त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.