पन्नास टक्क्यांखालचा मृतसाठा

विषय : मोठ्या बॅटरीचे प्रत्यक्ष अंतर लहान बॅटरीपेक्षा कमी भरत असल्याबाबत.
संदर्भ : पुंडलिकनगर ते पिशोर, जाणे व येणे.

उपरोक्त विषयी सादर करते की, मी एक बॅटरी बोलतेय. विजेवर चालणाऱ्या एका पांढऱ्या गाडीच्या पोटाखाली मी गादीसारखी पसरलेली आहे. माझ्यावर लोक बसतात आणि माझ्याविषयी आकडे सांगतात. मला त्याचं काही वाटत नाही. मला एकूणच फारसं काही वाटत नाही.

कारखान्यात शेकडो सेल एकत्र बांधले आणि त्या गाठोड्याला एक नंबर दिला, तो माझा जन्म. क्षमता पंचेचाळीस युनिट. जाहिरातीत लिहिलं होतं, एका चार्जिंगमध्ये साडेचारशे किलोमीटर. ते अंतर मी कधी चालले नाही. ते प्रयोगशाळेत मोजतात. तिथं एप्रिलचं ऊन नसतं, एसी नसतो आणि पुढं पाण्याचा टँकर आडवा नसतो. शोरूमवाल्यानं खरं ते हळू आवाजात सांगितलं, "काका, आपल्याकडं तीनशे धरून चाला."

काका म्हणजे मधुसूदनराव. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. धरणाचा साठा मांडून वर कळवायचा, हे त्यांनी जन्मभर केलं. जायकवाडीत किती टक्के उरलं, हे या शहरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तिथं दुसरं काय ठाऊक असणार? शहर मात्र वाढतंच आहे. आमच्या पुंडलिकनगरात लोक आधी बोअर घेतात, तो कोरडा गेला की त्याच्या शेजारी इमारत बांधतात. मधुसूदनरावांच्या गच्चीवर तीन टाक्या आणि मोरीत दोन ड्रम आहेत. या घरात ड्रमचा तळ कुणी पाहिलेला नाही. तळ दिसण्याआधी पाणी वापरणं थांबतं.

मी आले त्या वर्षी पावसानं दगा दिला होता. पहिल्याच दिवशी त्यांनी पडद्यावरचा आकडा बघून पत्नीला, अनसूयाबाईंना, बजावलं, "पन्नास टक्क्यांखाली मृतसाठा. त्याला हात लावायचा नाही."

"अहो, बॅटरी आहे ती. धरण नाही."

"साठा तो साठा."

त्यामुळं माझा खालचा अर्धा भाग मी स्वतःही पाहिलेला नाही. आहे असं ऐकते.

मधुसूदनरावांचे जुने सहकारी नूरमोहम्मद, ऑफिसच्या जीपवरचे ड्रायव्हर. आता त्यांची स्वतःची विजेची छोटी गाडी आहे. तिची बॅटरी माझ्या निम्म्याहून लहान. तिच्यात ते पर्यटकांना फर्दापूरला नेतात, लोक लेणी बघेपर्यंत तिथल्या हॉटेलात प्लग लावतात आणि संध्याकाळी परत. मी दळण आणते.

"साहेब, माझी डबी अजिंठ्याला जाते अन् तुमचा हंडा चक्कीवर," ते एकदा माझ्या बॉनेटला टेकून म्हणाले.

"हंडा भरलेला बरा, नूरभाई."

"भरलेलाच ठेवायचा तर घेतला कशाला साहेब? पूजेला?"

"तुमचं खाली किती उरतं?"

"कधी बारा, कधी नऊ."

मधुसूदनरावांनी डोळे मिटले. धरणाच्या तळाला भेगा पडलेल्या त्यांना दिसल्या असाव्यात.

अनसूयाबाईंची थोरली बहीण चंपाबाई पिशोरला मुलाकडं असते. हिवाळ्यापासून तिला माणसं ओळखू येईनाशी झाली. आठवणीतून आधी शेजारी गेले, मग नातवंडं. अनसूयाबाई गाडीत बसल्या की एकच विषय काढायच्या. "अक्काला माझं नाव आठवतंय तोवर जाऊन येऊ हो."

मधुसूदनरावांनी नकार कधीच दिला नाही. त्यांनी हिशेब दिला. तीनशेतून मृतसाठ्याचे दीडशे वजा. उरलेल्यातून एसीचे वजा. मग बाष्पीभवनापोटी दहा टक्के वजा.

"बॅटरीचं बाष्पीभवन?"

"ऊन बघ की बाहेर!"

शेवटी शंभर राहिले. पिशोरला जाऊन येऊन सव्वाशे होतात. सबब, पाऊस पडून जरा गारवा येईपर्यंत प्रवास स्थगित. पिशोरला दोनदा जाऊन येण्याइतकी वीज माझ्यात होती. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी पडद्यावर आकडाच दाखवला असता.

वैशाखात एका सकाळी नूरभाई गेटाशी आले, तेव्हा अनसूयाबाई पिशवी घेऊनच बाहेर आल्या. "नूरभाई, आज पिशोरला सोडता का?"

"चला की वहिनी."

"अगं, पुढच्या आठवड्यात बघू ना," मधुसूदनराव म्हणाले.

"पुढच्या आठवड्यात अक्का असेल. मी तिला आठवेन का, तेवढं सांगा."

हा आकडा त्यांच्याकडं नव्हता. गाडी वळेपर्यंत ते ओरडून सांगत राहिले, "एसी लावू नका!"

दिवसभर ते माझ्यात बसून होते. काचा खाली, मी बंद. ऊन कलल्यावर छोटी गाडी परत आली. ते धावत पुढं गेले आणि त्यांनी विचारलं, "किती टक्के उरलं?"

"एकोणतीस," नूरभाई म्हणाले. "एसी लावून."

मधुसूदनरावांनी वाकून छोट्या गाडीच्या पडद्यावर खात्री करून घेतली. मग विचारलं, "आणि अक्का?"

"सुनेला म्हणाल्या, पाहुण्या बाईंना चहा द्या," नूरभाईंनीच सांगितलं.

अनसूयाबाई उतरल्या. "होळीला फोनवर नाव घेत होती माझं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. "परवा मी तिकडं जाते. तिथंच राहीन. रोज दिसले तर निदान तोंडओळख तरी होईल."

त्या गेल्या. नूरभाईंनीच सोडलं. आता मधुसूदनराव रोज संध्याकाळी माझ्यात बसून पिशोरला फोन लावतात. पलीकडचा आवाज मला स्पष्ट ऐकू येतो.

"तुम्ही गाडी घेऊन या ना. मला एकटीला नाही होत सगळं. इथं पिठाच्या गिरणीचा प्लग आहे, तो लावा."

"त्याचा लोड मंजूर नसतो, अनसूया. रीतसर सोय झाली पाहिजे. ग्रामपंचायतीला चार्जिंग पॉइंटसाठी अर्ज दिलाय. मंजूर झाला की निघतोच."

"अक्कानं आज विचारलं, तुला घरी कुणी आहे का गं?"

"मग? काय सांगितलंस?"

"सांगितलं, आहेत. येणार आहेत."

मधुसूदनराव फोन ठेवतात. पडद्यावर बघतात. शंभर टक्के. मग कुलूप लावून वर जातात.

माझी विनंती इतकीच, की मला एकदा तळापर्यंत वापरावं. पिशोरच्या अलीकडं बंद पडले तरी माझी हरकत नाही. सदर विनंती कुणाकडं करायची, याची तरतूद नसल्यानं ती इथंच नोंदवते. मधुसूदनरावांचा अर्ज ग्रामपंचायतीला पोहोचल्याची पोच आली आहे. अर्ज अद्याप प्रलंबित आहे.