साईशच्या मागे भैरू

सिद्धेशला बोटीवर नोकरी लागली आणि गोव्यातल्या साखळीच्या वाळवंटी स्पोर्टिंग या फुटबॉल क्लबकडे एकच गोलकीपर उरला. डिसेंबर संपत आला होता. लीगच्या सात मॅचेस बाकी होत्या, नवा खेळाडू नोंदवायला पंधरा दिवस होते आणि वरच्या विभागात जायची अशी संधी क्लबला कित्येक वर्षांत आली नव्हती.

उरलेला गोलकीपर म्हणजे नार्व्याचा साईश. वय एकोणीस. सकाळी वडिलांबरोबर नदीकाठच्या शेतात राबायचा आणि संध्याकाळी स्कूटर दामटत प्रॅक्टिसला यायचा. बॉल हातात आला की तो आधी मान वर करून मैदान बघायचा आणि मग असा फेकायचा, की बॉल मधली रेषा ओलांडून थेट विंगरच्या पायात पडायचा. क्लबचे निम्मे गोल त्याच्या हातातून सुरू झाले होते. मात्र गोल सोडून पुढे धावत यायची त्याला फार हौस. दहातल्या आठ वेळा बॉल त्याला मिळायचा, उरलेल्या दोन वेळा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळायचं.

कोच सगुण हे साखळीतल्या एका शाळेत खेळाचे शिक्षक. बावन्न वर्षांचे, एकेकाळचे डिफेंडर. क्लबचे अध्यक्ष गोकुळदास यांच्या हार्डवेअरच्या दुकानामागच्या खोलीत बैठक झाली, तेव्हा सगुण नाव ठरवूनच आले होते.

"भैरू," ते म्हणाले. "गडहिंग्लजचा. सहा वर्षं झाली, डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत फोर्कलिफ्ट चालवतो. अडतीस वर्षांचा आहे."

"अडतीस?" गोकुळदासांनी चहाचा कप खाली ठेवला. "सगुणबाब, पोराच्या पाठीमागे म्हातारो उभो केल्यास तर पोरगो पुढे बघतलो की मागे? त्यापेक्षा एखादो सोळा-सतरा वर्षांचो घ्या. साईशाक धास्ती नाय."

"धास्ती नको म्हणूनच मला हा हवा आहे," सगुण म्हणाले. "साईशला दुखापत झाली आणि सोळा वर्षांच्या पोराला उभं केलं तर दोन पोरं एकदम वाया जातील. बारा वर्षांपूर्वी मी आपली टीम गडहिंग्लजला दिवाळीच्या स्पर्धेला नेली होती. नव्वद मिनिटं आपण त्या भैरूच्या गोलवर मारत होतो. एक-शून्यने हरून आलो. हजारो माणसं मैदानाभोवती ओरडत होती आणि हा बाबा फाटकाशी उभा राहून बसची वाट बघावी तसा शांत. तसा माणूस मला साईशच्या मागे हवा."

गोकुळदासांना पटलं नाही, पण टीम निवडण्यात त्यांनी कधी हात घातला नव्हता. त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सगुण भैरूच्या खोलीवर गेले. भैरूची बायको सोनम काजूच्या कारखान्यात कामाला होती, नुकतीच घरी आली होती. सगुणांचं बोलणं ऐकून तीच आधी बोलली.

"सर, ह्यांच्या गुडघ्याला रोज तेल कोण चोळतंय, ते विचारा आधी."

"गुडघा ठीक हाय," भैरू घाईने म्हणाला. मग सगुणांकडे वळला. "सर, मला सांगा, बाकावर बसायला बोलावताय का खेळायला?"

"पहिला गोलकीपर साईश. तू त्याच्या मागे."

"आन् मी त्याच्यापेक्षा चांगला असलो तर?"

सगुणांना हा प्रश्न आवडला. "तर प्रॅक्टिसमध्ये दाखव. पण मी तुला खोटं आमिष दाखवत नाही. जागा त्याची आहे."

सहा वर्षांत भैरूने हातमोजे घातले नव्हते. रविवारी मोबाइलवर गावाकडच्या मॅचेस बघायचा, तेव्हा बॉल गोलकडे आला की खुर्चीत बसल्या बसल्या त्याचे खांदे हलायचे. सोनमने ते किती वेळा पाहिलं होतं.

"जावा," तीच म्हणाली. "न्हाईतर ती खुर्ची मोडाल एक दिवस."

सगुणांकडून चूक झाली ती इथे. सगळं ठरलं, कागद भरले, पण साईशला कुणी काही सांगितलं नाही. सोमवारी तो मैदानावर आला तेव्हा दुसऱ्या गोलमध्ये एक भक्कम, कानशिलांवर केस पांढरे झालेला माणूस उभा होता आणि पोरं त्याच्यावर शॉट मारत होती. साईश स्कूटरवरून उतरलाच नाही.

सगुण त्याच्याकडे चालत गेले.

"माका आधी सांगूक होया होता, सर," साईश म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "मी काय लहान पोर आसय?"

"नाही. माझंच चुकलं. तुलाच आधी सांगायला हवं होतं."

"माझ्यार भरवसो नाय?"

"भरवसा आहे म्हणून तू पहिला आहेस. पण एका गोलकीपरवर लीग जिंकता येत नाही. तो तुझी जागा मागणार, हे आत्ताच सांगून ठेवतो. तू द्यायची की नाही ते तू बघ."

साईशने गाडी स्टँडवर लावली आणि पिशवीतून हातमोजे काढले. त्या संध्याकाळी तो भैरूशी एक शब्द बोलला नाही. पण रोजच्यापेक्षा अर्धा तास जास्त थांबला, आणि सगुणांना तेवढं पुरे होतं.

भैरूने खरोखर जागा मागायला सुरुवात केली. हवेतल्या बॉलला त्याचे हात चिकटल्यासारखे बसायचे. कॉर्नरच्या वेळी तो डिफेंडरना एकेका शब्दात जागा दाखवायचा. साईश धावत पुढे आला आणि चुकला, की भैरू पलीकडून हसायचा नाही, पण बघायचा. ते बघणं साईशला जास्त लागायचं. दोन आठवड्यांनी त्याने न राहवून विचारलं, "काय बघतास?"

"तू निघतोस बरोबर," भैरू म्हणाला. "पण अर्ध्यात इचार करतोस. निघाल्यावर इचार करायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी साईशने भैरूला विचारलं की कॉर्नरला पहिली नजर कुणावर ठेवायची, आणि तिथून दोघांचं बोलणं सुरू झालं.

पहिल्या चार मॅचेस साईश खेळला. तीन जिंकल्या, एक बरोबरीत सुटली. चौथ्या मॅचच्या शेवटी मात्र तो नेहमीसारखा गोल सोडून धावला, पेनल्टी एरियाच्या बाहेर बॉलऐवजी समोरच्या स्ट्रायकरचा पाय त्याच्या वाट्याला आला, आणि रेफ्रीने लाल कार्ड काढलं. दोन मॅचेसची बंदी. सगुणांनी एका विंगरला बाहेर बोलावलं आणि उरलेली आठ मिनिटं भैरूने गोल सांभाळला. दोनदा त्याच्या अंगावर शॉट आले, दोन्ही त्याने छातीशी धरले.

पुढच्या दोन मॅचेस भैरूच्या झाल्या. एकही गोल नाही. दुसरीत तर त्याने पेनल्टी अडवली. फ्री किकच्या वेळी भिंत कुठे लावायची, वेळ कधी काढायचा, दमलेल्या डिफेंडरला कधी हाक मारायची, सगळं त्याच्या बोटांवर होतं. साखळीच्या बाजारात लोक त्याला थांबवून हात मिळवू लागले. सोनम एकदा भाजी घ्यायला गेली, तर भाजीवाल्याने "गोलकीपराची बायको" म्हणून दोन लिंबं जास्त टाकली.

शेवटची मॅच हरमलच्या किनारा युनायटेडशी होती, पेडण्याच्या मैदानावर. वाळवंटीला बरोबरी पुरेशी होती. मॅचच्या आदल्या दिवशी गोकुळदास स्वतः मैदानावर आले.

"सगुणबाब, मी चुकलंय, कबूल करतंय," ते म्हणाले. "तुमचो भैरू म्हणजे सोनां. आता उद्या त्याकाच खेळवा. एकही गोल दिलेलो नाय."

"उद्या साईश खेळणार."

गोकुळदास बघतच राहिले. सगुण थेट भैरूकडे गेले. भैरू बुटांच्या नाड्या सोडत बसला होता.

"भैरू, उद्या साईश."

भैरूचे हात थांबले. "मी काय चुकलो, सर?"

"काहीच नाही. दोन मॅचेस तू आम्हाला वाचवलंस."

"मग?"

"हरमलची पुढे खेळणारी ती दोन पोरं बघितलीस? रोज पहाटे वाळूत धावतात. हरमलवाले आपल्या डिफेंडरच्या डोक्यावरून बॉल टाकतात आणि ती दोघं पळतात. तिथे गोलकीपरला वीस यार्ड बाहेर यावं लागणार, दहा वेळा तरी. तू येशील?"

भैरूने मान वर केली. तो रागावला होता, ते त्याच्या जबड्यावर दिसत होतं. हे सगुणांनी म्हणायला नको होतं असं त्याला वाटलं, आणि ते खरं होतं म्हणून जास्तच वाटलं.

"न्हाई," तो शेवटी म्हणाला. "पहिल्या चार वेळेला येईन. मग गुडघा बसंल."

"म्हणून साईश."

"लोक तुम्हाला शिव्या घालतील, सर."

"घालू देत."

भैरू उठला, पिशवी खांद्यावर टाकली आणि निरोप न घेता गेला. घरी त्याने सोनमला फक्त एवढंच सांगितलं की उद्या बाकावर. तिने तेलाची बाटली काढली, तर म्हणाला, "आज नको." मग रात्रभर कूस बदलत राहिला.

तरी दुसऱ्या दिवशी तो टीमच्या बसमध्ये सगळ्यांच्या आधी बसला होता.

पेडण्याच्या मैदानावर हरमलहून मोटरसायकलींचा ताफा आला होता. मॅच सुरू झाली आणि सगुण म्हणाले होते तसंच घडलं. सातव्या मिनिटाला पहिला लांब बॉल आला. साईशने बाहेर यायला हवं होतं. त्याने दोन पावलं टाकली, त्याला ते लाल कार्ड आठवलं आणि तो जागच्या जागी थबकला. हरमलच्या पोराने बॉल आरामात त्याच्या बाजूने आत सरकवला. शून्य-एक.

"भैरू! भैरूक घाला!" साखळीहून आलेले लोक ओरडायला लागले. गोकुळदासांनी डोक्याला हात लावला. सगुण हाताची घडी घालून उभे होते. त्यांनी बाकाकडे मान वळवली नाही.

भैरू मात्र उठला. अंग गरम करायच्या निमित्ताने धावत धावत तो साईशच्या गोलमागे गेला. साईशने त्याला बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्याला वाटलं, आता आपली वेळ संपली.

"मी तुझी जागा घ्यायला आलो न्हाई," भैरू जाळीच्या पलीकडून म्हणाला. "ऐक. बाहेर आलास तवा कार्ड मिळालं. आत थांबलास तर गोल बसला. दोन्हीत बाहेर येणं बरं. पुढचा बॉल पडायच्या आधी निघ. मी हाय हितं."

"चुकलंय तर?"

"तर मी खेळंन की. त्याच्यासाठीच तर बाकावर हाय."

साईश हसला. त्या दिवसात पहिल्यांदाच.

पुढचा लांब बॉल आला तेव्हा तो वाऱ्यासारखा निघाला आणि एरियाच्या बाहेर येऊन त्याने बॉल पायाने थेट गर्दीत भिरकावला. त्यानंतरचाही. त्यानंतरचाही. अर्ध्या वेळेपर्यंत हरमलची पोरं लांब बॉल टाकायची थांबली, कारण तिथे दरवेळी साईश आधी पोचत होता.

सत्तराव्या मिनिटाला हरमलचा कॉर्नर साईशने वरच्या वर झेलला. त्याने मान वर केली. उजव्या विंगवर वाळवंटीचा रुद्रेश एकटा होता. साईशचा हात मागे गेला आणि बॉल सगळ्यांच्या डोक्यांवरून, मधल्या रेषेपलीकडे, रुद्रेशच्या पुढ्यात पडला. रुद्रेशने तो गोलमध्ये मारला. मोप्याच्या विमानतळावर उतरणारं विमान त्याच वेळी मैदानावरून गेलं, त्यामुळे गोल झाल्याचा ओरडा कुणाला नीट ऐकूच आला नाही. लोक नाचताना दिसले, एवढंच. एक-एक.

शेवटच्या पाच मिनिटांत साईश अजून दोनदा बाहेर आला. एकदा डोक्याने बॉल मारला, एकदा छातीवर घेतला. शिट्टी वाजली तेव्हा तो गोलपासून बावीस यार्डांवर उभा होता.

सगळे त्याच्या अंगावर पडले. भैरू जरा मागे राहिला. त्याची जर्सी स्वच्छ होती, घाम नव्हता, आणि मनात आनंदाइतकीच एक बोच होती. मी असतो तर, हा विचार त्याला आला, आणि त्याने तो येऊ दिला. मग साईशच गर्दीतून बाहेर आला आणि त्याने भैरूला घट्ट धरलं.

"भैरूदादा, आत या," तो म्हणाला, "फोटो काढतत."

बसमध्ये सगुण भैरूच्या शेजारी येऊन बसले.

"काल राग आला होता," भैरू म्हणाला.

"यायलाच हवा होता. आला नसता तर मला काळजी वाटली असती."

"अजून थोडा हाय."

"राहू दे," सगुण म्हणाले. "वरच्या विभागात बावीस मॅचेस असतात. त्यातल्या काही टीमा सगळा खेळ हवेतून करतात, क्रॉसवर क्रॉस. तिथे मला तू लागशील."

भैरूने खिडकीबाहेर बघितलं. "किती मॅचेस?"

"ते प्रॅक्टिसमध्ये ठरेल."

पुढच्या मोसमात भैरू सहा मॅचेस खेळला आणि साईश सोळा. सहापैकी चार भैरूने जिंकून दिल्या. एकदा तो सपशेल चुकला आणि दोन गोल बसले, तेव्हा गोलमागे धावत गेला तो साईश. तो तिथे काय बोलला ते दोघांनी कुणाला सांगितलं नाही. सोनमला मात्र भैरू त्या संध्याकाळी म्हणाला, की एकोणिसाव्या वर्षी आपल्याला असा एक जण मागे उभा हवा होता. आणि मग त्याने गुडघा पुढे केला.