संत्र्याचं घड्याळ

मी टोपली बोलतेय. वेताची, गोल, पसरट बुडाची. आता माझ्यात कपड्यांचे चिमटे असतात, पण म्हणून नाक मुरडू नका. एके काळी माझ्यात फळांची नि चॉकलेटांची आरास मांडत आणि लोक मला दोन्ही हातांनी उचलून घरात नेत.

माझा जन्म एका नवराबायकोच्या अंगणात झाला. तो वेत भिजवायचा, ती विणायची आणि दिवसभर दोघांची जुंपलेली असायची. माझी एका बाजूची वीण जरा जास्तच घट्ट आहे. ती बाजू विणताना बाई चिडलेली होती.

तिथून मी एका दुकानात आले. दुकान भेटींचं. लोक फोन करायचे, आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे फळं कापून, चॉकलेटात बुडवून, छान रचून गावातल्या गावात घरपोच पाठवली जायची. पुढे मालकीणबाई फोन घ्यायच्या, आत त्यांच्या वहिनी मांडणी करायच्या. वहिनींच्या हाताला तोड नव्हती, पण खोड एकच. साधं काही त्यांना बघवायचंच नाही. केळं हाती लागलं की त्याचं बदक झालंच म्हणून समजा. "साधं पाठवलं तर दुकानाचं नाव जातं," असं म्हणायच्या.

फळीवर बसून मी माणसं बघायची. भांडण झालं की स्ट्रॉबेरी, कुणी आजारी पडलं की सफरचंद. तोंडानं बोलायला जीभ रेटत नाही, ते सगळं टोपलीत भरायचं आणि दुसऱ्याच्या हाती पाठवायचं. मला मौज वाटायची तेव्हा. आता नाही वाटत.

एके दिवशी एक घड्याळदुरुस्तीवाले काका आले. शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं, केस पाणी लावून बसवलेले. फळीवरच्या सगळ्या टोपल्या उलथ्यापालथ्या करून त्यांनी मला निवडलं. खरं सांगते, मी फुगले.

"मुलीला मुलगी झालीय माझ्या," ते म्हणाले.

"अरे वा. कार्डावर काय लिहू, काका?" मालकीणबाईंनी विचारलं.

"काही नको. नावही नको. ती बघताक्षणी ओळखेल."

मग त्यांनी सांगितलं. मुलगी लहान असताना संत्रं खायची नाही, तोंडात साल येतं म्हणायची. तेव्हा हे घड्याळाच्या चिमट्यानं प्रत्येक फोडीचं पातळ साल अलगद काढायचे, आणि त्या उघड्या फोडी ताटलीत गोल मांडायचे, तबकडीसारख्या. मधे चॉकलेटचे दोन तुकडे, एक मोठा काटा, एक छोटा. वाजले किती ते बरोबर सांगितलं की काटे तिचे. लेक वेळ बघायला शिकली ती अशी, खाता खाता.

"फोडी मीच सोलतो," काका म्हणाले, आणि आतल्या खोलीत स्टूल ओढून बसले. वहिनी तेव्हा जेवायला गेल्या होत्या. खिशातून चिमटा काढला. पिकल्या फळाला इतक्या मायेनं हात लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. एकसुद्धा फोड फुटली नाही.

सोलता सोलता ते मालकीणबाईंशी बोलत होते. बायको गेल्यावर मुलीनं यांच्यासाठी आपल्या घरात एक खोली सजवली होती. किल्ली हातात दिली. आणि या भल्या माणसानं, जावई समोर उभा असताना, ती किल्ली टेबलावर आपटली. "जावयाच्या घरचे तुकडे मोडायची वेळ अजून आली नाही माझ्यावर," म्हणाले. जावयाचं तोंड उतरलं. मुलगी म्हणाली, "मग येऊच नका, बाबा." तेव्हापासून अबोला.

"चूक माझीच. पण ती नका म्हणाली ना, मग असंच कसं जाऊ? तिनं बोलावलं तर उड्या मारत जाईन," काका म्हणाले. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, ही बापांची जातच.

तेवढ्यात फोन खणखणायला लागले. काका हात धुऊन पुढे दुकानात जाऊन बसले, आणि मालकीणबाईंनी आत डोकावून जेवून परतलेल्या वहिनींना घाईघाईत सांगितलं, "ह्या संत्र्याच्या फोडी गोल लावायच्यात, मधे चॉकलेटच्या दोन काड्या." बस, इतकंच. काटे नाही, तबकडी नाही, मुलगी नाही.

वहिनींनी फोडी बघितल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या. "आजाऱ्याचं ताट वाटतंय हे. आणि बिनसालीच्या फोडी वाटेत सुकतील, ते वेगळंच." बिचारीच्या मनात वाईट काही नव्हतं. तिनं एकेक फोड चॉकलेटात बुडवली, एकावर एक रचून त्यांचं मोठं फूल केलं, मधे स्ट्रॉबेरी खोचली. दोन काड्यांचे देठ झाले. असं देखणं फूल त्या दुकानातून क्वचितच गेलं असेल. मला मात्र रडावंसं वाटत होतं. अति तिथे माती म्हणतात, ती ही.

मला थंड खोक्यात बंद केलं. डिलिव्हरीच्या गाडीत काका ड्रायव्हरशेजारी बसले आणि खोकं मांडीवर घेतलं.

"एकदा बघू का उघडून?"

"नको काका, गारवा जाईल. वहिनींनी केलंय म्हणजे चांगलंच असणार," ड्रायव्हर म्हणाला.

"बरं. तू माझं नाव सांगायचं नाहीस, शब्द दे. ती आपणहून विचारेल, बाबा कुठे आहेत? मग सांग, खाली आहेत." वाटभर त्यांची बोटं खोक्यावर ताल धरत होती.

मुलीनं दार उघडलं. खांद्यावर तान्ही झोपलेली. कोणी पाठवलं, विचारलं तिनं. ड्रायव्हर म्हणाला, "नाव सांगू नका म्हणालेत. बघितलं की ओळखाल."

तिनं झाकण काढलं. "अगंबाई, किती सुंदर केलंय!" मग इकडून तिकडून बघत राहिली. "ह्यांच्या ऑफिसातल्यांनी पाठवलं असेल. फार आवडलं म्हणून सांगा."

ड्रायव्हर उगाच घुटमळला. "आणखी काही निरोप?"

"नाही. थँक यू म्हणा."

तिनं मला खिडकीत ठेवलं, म्हणून पुढचं मला दिसलं. काका गाडीतून उतरून उभे होते. ड्रायव्हर खाली जाऊन काहीतरी बोलला. काकांनी मान हलवली, वर खिडकीकडे बोट करून पुन्हा काही विचारलं. ड्रायव्हरनं नाही म्हटलं. काका वर बघत राहिले. मुलगी खिडकीपाशीच होती, पण पाठमोरी. बाळ उठलं होतं, ती त्याला थोपटत होती. वळ गं बाई, एकदा मागे वळ, मी आतल्या आत म्हणत होते. शेवटी ते गाडीत बसले. तिनं ओळखलं आणि तरीही बोलावलं नाही, असंच धरून बसले असणार ते. दुसरं काय वाटणार?

संध्याकाळी जावई आला. "ऑफिसातून? मला कुणी काही बोललं नाही. आमच्या ताईनं पाठवलं असेल."

मुलीनं एक फोड तोंडात टाकली आणि थांबली. बोटावरचं चॉकलेट बघत म्हणाली, "अहो, आतलं साल काढलंय. किती निगुतीनं सोललंय कुणीतरी."

"हल्ली यंत्रं असतात," जावई म्हणाला.

ती आणखी क्षणभर तशीच बसली. काहीतरी आठवत होतं तिला, मी शपथेवर सांगते. तेवढ्यात पाळण्यातून रडं ऐकू आलं आणि ती उठून गेली. उरलेल्या फोडी शेजारच्यांनी खाल्ल्या.

पुढे माझ्यात बाळाचे मोजे आले, मग खुळखुळे, आता चिमटे. दांडी कधीच निखळली. तान्ही आता घरभर धावते नि मला उलटं करून डोक्यावर घालते. माझी तक्रार नाही. माणसांच्या घरात राहायला मिळतंय, हे काय कमी आहे?

पण परवा कपडे वाळत घालताना जावई म्हणाला, "बाबांना एकदा फोन तरी करून बघ."

ती चिमटा घ्यायला वाकली होती. "कशाला? नात झाल्याचं कळलं असेलच ना त्यांना? मी रागात बोलले, मान्य आहे. पण एकदा, नुसते इमारतीच्या खालपर्यंत जरी आले असते ना, तरी मी अनवाणी पळत जाऊन त्यांना वर आणलं असतं." आणि माझ्यातला चिमटा घेऊन तिनं झबलं दोरीवर अडकवलं.

मला तोंड नाही हो. तुम्हाला आहे. कधी तिच्या दारावरून गेलात तर पाच मिनिटं थांबा, आणि एवढं सांगून जा, की तुझे बाबा आले होते.